बिनमिठाचं सूप

त्या उन्हाळ्यात माझं हृदय कामचुकारपणा करायला लागलं. आधी नदीवरून बाजाराचा चढ चढताना दम लागायचा. मग दुकानात उभ्या उभ्या गिऱ्हाइकाची दाढी करताना. मग नुसतं आडवं झालं तरी. उशीखाली उशी वाढत गेली आणि शेवटी मी खुर्चीत बसूनच झोपायला लागलो. पाय इतके सुजले की बोट दाबलं तर खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा, मळून ठेवलेल्या पिठासारखा. जन्मभर मी लोकांच्या गालांवरून वस्तरा फिरवत आलो, माणसाचं कातडं कसं असतं हे माझ्या हाताला कळतं. ते ताणलेलं, चकाकणारं, पाझरणारं कातडं माझं आहे हे मला पटायचं नाही. सकाळी मोजे चढवताना मी दुसरीकडे बघायचो.

एका सकाळी छातीतून हुक्क्यासारखा गुडगुड आवाज यायला लागला आणि तोंडाला गुलाबी फेस आला. जावयाने मला मांदिओका कंदांच्या पोत्यांवर बसवून ट्रकमधून सरकारी इस्पितळात नेलं.

डॉक्टर नीदियाने मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बोलूही शकत नव्हतो. ठेंगणी बाई, केस मागे घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली काळं. तिने माझ्या तोंडाला प्राणवायूचा मास्क लावला, शिरेत लघवीचं औषध सोडलं आणि माझा हात धरून ग्वारानीत, आमच्या घरच्या भाषेत, मान देऊन म्हणाली, "कराई एलादियो, तुम्ही बुडताय, पण नदीत नाही. पंप कमजोर झालाय, पाणी मागे तुंबलंय. आपण ते उपसून काढू. फक्त मास्क ओढू नका."

दुपारपर्यंत मी बाटल्यांवर बाटल्या भरल्या. सुनिल्दा नर्स प्रत्येक बाटली उजेडात धरून बघायची आणि "वा," म्हणायची, मी परीक्षेत पास झाल्यासारखं. संध्याकाळी मी दोनच उशा घेऊन झोपलो.

हृदयाचा वॉर्ड म्हणजे अंगणाकडे तोंड असलेली एक लांब खोली. बायका आणि पुरुषांमध्ये नुसता एक पडदा. सगळे माझ्यासारखेच, पाण्याने भरलेले. सकाळी उठल्या उठल्या काट्यावर उभं राहायचं, मग एकमेकांना विचारायचं, वजन किती, लघवी किती. साठी ओलांडलेली माणसं, कुणी बोट चालवलेली, कुणी शाळा चालवलेली, आणि बोलणं सगळं मुताचं. मला त्याची शिसारी यायची. पण मीही विचारायचोच.

नियम कडक होते. पाणी मोजून. तेरेरे, आमचा गार पाण्यातला पाल्याचा चहा, तोही बंद, म्हणजे आमच्याकडच्या माणसाचा अर्धा दिवस बंद. आणि मीठ अजिबात नाही. मीठ पाण्याला धरून ठेवतं, डॉक्टर नीदिया रोज सांगायची, औषध पुढच्या दाराने पाणी बाहेर काढतं आणि मीठ त्याला मागच्या दाराने आत घेतं. पहिल्या दुपारी ताट आलं तेव्हा मी मनाची तयारी करून बसलो होतो. ताटावर हिरवी चिठ्ठी चिकटवलेली, 'बिनमिठाचं'. आत पिवळंधमक वोरी-वोरी सूप, वर तुपासारखे चरबीचे डोळे, त्यात मक्याचे मऊ गोळे. मी एक चमचा तोंडात घातला आणि पुढचं काही आठवत नाही, एकदम वाडगा रिकामा दिसला.

पडद्यापलीकडून ओब्दुलिया बाईंचा आवाज आला. "एलादियो, आवडलं का रे? खानावळवाल्याच्या हाताला चव आहे हो." ओब्दुलिया बाईंनी मला पहिलीत शिकवलं होतं. मला म्हणजे निम्म्या गावाला. आता त्यांचं पोट घागरीसारखं फुगलं होतं, तरी चुकलेला शब्द ऐकला की पडद्याआडून दुरुस्त करायच्या.

माझ्या शेजारच्या खाटेवर फुल्हेन्सियो होता, तराफ्यांचा जुना नावाडी. लहानपणी मातीच्या घरात भिंतीच्या भेगांत राहणारा किडा चावला होता, त्याने हळूहळू हृदय सैल करून टाकलं होतं. बोलायचा कमी. त्याच्या वाटचं त्याची बायको बोलायची, न्या सिन्फोरियाना. न्या म्हणजे बाई; आम्ही सगळे तिला न्या सिन्फो म्हणायचो. ती घरून खुर्ची घेऊन आली होती. दिवसभर त्याच्या उशाशी बसून पुठ्ठ्याने वारा घालायची आणि आम्हा सगळ्यांना टोमणे मारायची. माझं डोकं बघून म्हणाली, "न्हाव्याचेच केस असे वाढलेले? मग गिऱ्हाइकांचं काय होत असेल."

पहिले दोन-तीन दिवस आम्ही सगळे वाळत गेलो. मग पाणी अडलं. सकाळी काटा जागेवरून हलेना. माझे घोटे दिसायला लागले होते, ते पुन्हा बुडाले. सुनिल्दा बाटली उजेडात धरायची आणि काही न बोलता खाली ठेवायची. डॉक्टर नीदियाने औषध वाढवलं, मग आणखी वाढवलं, मग त्याला जोडीला दुसरं दिलं. माझ्या कानांत शिट्ट्या वाजायला लागल्या. ओब्दुलिया बाईंची मूत्रपिंडं कुरकुरायला लागली, रक्ताच्या तपासण्या रोज वाईट येत होत्या. डॉक्टर नीदिया खाटेच्या पायथ्याशी उभी राहून कागद चाळायची, पुन्हा पहिल्यापासून चाळायची. तिच्या औषधांत चूक नव्हती. तरी आम्ही भरत चाललो होतो, बुडाला भोक पडलेल्या होडीसारखे.

मग ती म्हणाली, कुठून तरी मीठ येतंय. आणि तिची नजर न्या सिन्फोच्या पिशवीवर गेली.

मला तो प्रसंग आजही आठवला की तोंड कडू होतं. तिने पिशवी मागितली. न्या सिन्फोने दिली, तिला वाटलं काहीतरी नेहमीचं असेल. डॉक्टर नीदियाने ती फुल्हेन्सियोच्या पायांजवळ, चादरीवर, सगळ्यांसमोर उपडी केली. कंगवा, जपमाळ, साबणाचा तुकडा, नवऱ्याच्या धुतलेल्या चड्ड्या आणि फडक्यात गुंडाळलेली एक चिपा, पिठाचा छोटा पाव. डॉक्टरने ती चिपा उचलून नाकाशी नेली. चीज आणि मीठ, ती म्हणाली. न्या सिन्फो म्हणाली, ती माझी आहे, माझं दुपारचं जेवण तेवढंच असतं. "सगळे असंच म्हणतात," डॉक्टर नीदिया म्हणाली आणि पहारेकऱ्याला बोलावलं. न्या सिन्फोने एकेक चड्डी घडी करून परत पिशवीत ठेवली. घाई केली नाही. मग आपली खुर्ची उचलून निघून गेली. फुल्हेन्सियो भिंतीकडे तोंड करून पडला होता. आम्हीही सगळे कुठे ना कुठे बघत होतो, आपापल्या पायांकडे, छताकडे.

त्या दिवसापासून न्या सिन्फो अंगणातल्या आंब्याखाली खुर्ची टाकून बसायला लागली. खिडकीतून ती दिसायची. वॉर्डात यायची तिला मनाई होती, झाडाखाली बसायची मनाई कुणी केली नव्हती.

आणि तरीही आम्ही भरतच होतो.

ओब्दुलिया बाई त्या आठवड्यात गेल्या. सकाळी त्यांना लघवी झालीच नव्हती. दुपारी जेवण आलं, त्यांनी नेहमीसारखं संपवलं, शाळेत आम्हाला पानात टाकू द्यायच्या नाहीत तशा. थोड्या वेळाने पडद्यामागे तो आवाज सुरू झाला. मला तो ओळखीचा होता, माझ्याच छातीतून निघाला होता. धावपळ झाली, यंत्र आणलं, डॉक्टर नीदिया त्यांच्या खाटेवर गुडघे टेकून चढली होती एवढं पडद्याच्या फटीतून दिसलं. मग सगळं थांबलं. मृतदेह अजून खाटेवरच होता, चादर तोंडावर ओढलेली, तेव्हा स्वयंपाकघरातला माणूस गाडा ढकलत ताटं गोळा करायला आला. बाईंचा वाडगा उचलला, आत बघितलं, चाटूनपुसून साफ होता. खूश होऊन त्याने तो बाकीच्यांवर रचला.

दुसऱ्या दिवशी फुल्हेन्सियोने जेवायला नकार दिला. रागावलाही नाही, नुसतं तोंड मिटून घेतलं. सुनिल्दाने आर्जवं केली, मी चेष्टा करून बघितली. शेवटी डॉक्टर नीदिया आली. आदल्या दिवसापासून ती घरी गेली नसावी, पांढऱ्या कोटावर बाहीजवळ डाग होता. खाटेच्या कडेवर बसून तिने वाडगा हातात घेतला आणि चमचा त्याच्या तोंडाशी नेला. ओठ मिटलेलेच. लहान मुलाला करतात तसं ती म्हणाली, हे बघा, मी खाते, मग तुम्ही खा. आणि तो चमचा तिने स्वतःच्या तोंडात घातला.

तिचा चेहरा बदलताना मी अगदी जवळून बघितला. घोट गिळलाच नाही. तसाच तोंडात धरून ती उठली, माझ्या खाटेखालचं भांडं ओढलं आणि त्यात थुंकली. मग माझ्या हातातला चमचा काढून घेऊन माझ्या वाडग्यातलं चाखलं. पुन्हा थुंकली. मग पलीकडच्या खाटेवरचं. पडद्यापलीकडे जाऊन तिथलं. परत आली तेव्हा ओठ पुसत होती, जोरजोराने, कोटाच्या बाहीने.

"हे रोज असंच असतं?" तिने मला विचारलं.

"रोज. रविवारी जरा जास्त चांगलं."

"कधी कुणी तक्रार केली नाही?"

"तक्रार कशाला करू? इतकं चवदार तर घरीही मिळत नाही."

तिने माझा वाडगा उचलला. मग अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "बिनमिठाचं जेवणाऱ्यांचा सगळा वॉर्ड, आणि एकही माणूस जेवणाला शिव्या देत नाही. रोज तुमच्यासमोर उभी होते मी."

वाडगा तसाच हातात घेऊन ती अंगण ओलांडून स्वयंपाकघरात गेली. खिडक्या उघड्या होत्या, उकाडा होता, आम्हाला सगळं ऐकू आलं. खानावळीचा ठेका विल्फ्रिदोकडे होता. गुबगुबीत, सुगंधी पाणी लावलेला माणूस, इस्पितळाचे मुख्य डॉक्टर रेकाल्दे यांच्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे त्यांच्या घरचाच. डॉक्टर नीदिया विचारत होती की आमचं जेवण कुठे वेगळं शिजतं. त्याने काही लपवलं नाही, लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. पातेलं एकच होतं, सगळ्या इस्पितळाला. कोंबडी कमी, सुपाच्या खारट वड्या भरपूर, खोकीच्या खोकी. हृदयाच्या वॉर्डासाठी वेगळं काय करता, असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, हिरवी चिठ्ठी लावतो. आणि हसला. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "डॉक्टरीणबाई, आधीच्या ठेकेदाराच्या वेळी ताटं भरलेली परत यायची. आता बघा. इस्पितळाने मला त्याबद्दल मानपत्र दिलंय, तिथे भिंतीवर लावलंय."

काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. वाडगा असावा.

संध्याकाळच्या आत डॉक्टर रेकाल्दे स्वतः वॉर्डात आले. त्यांना मी इतक्या दिवसांत प्रथमच बघत होतो. चेहरा हसरा, बूट इतके चकचकीत की खाटेवरून मला त्यांत दिवा दिसत होता. डॉक्टर नीदियाला बाजूला घेतलं, पण आवाज खाली आणला नाही. सुपाने कुणी मरत नाही, ते म्हणाले. औषध वाढवा. वाढवलंय, ती म्हणाली, मूत्रपिंडं जातायत. मग आणखी काहीतरी द्या, ते म्हणाले, तुम्ही तज्ज्ञ आहात. आणि आमच्याकडे वळून विचारलं, जेवण कसं आहे? आमच्यातल्या कुणीतरी म्हटलं, छान आहे. खोटं नव्हतं ते. खरंच छान होतं, हेच तर किळसवाणं होतं. माझी स्वतःची जीभ मला त्या क्षणी तोंडात कुणीतरी परकं येऊन बसल्यासारखी वाटली.

रेकाल्दे गेल्यावर डॉक्टर नीदिया आंब्याखाली गेली. माझी खाट खिडकीला लागूनच होती. न्या सिन्फो खुर्चीतून उठली नाही, डॉक्टर तिच्यासमोर उभीच राहिली. तिने काय झालं ते सगळं सांगितलं, सूप, वड्या, हिरवी चिठ्ठी, आणि माफी मागितली.

न्या सिन्फोने पुठ्ठ्याने वारा घेतला. मग म्हणाली, "माझी पिशवी हुंगलीत. तुमचं पातेलं नाही हुंगलंत."

"नाही हुंगलं."

"माझ्या माणसाच्या चड्ड्या सगळ्या गावापुढे पसरल्यात."

"हो."

"आता काय हवंय?"

डॉक्टर म्हणाली, तुम्ही त्यांच्यासाठी स्वयंपाक करा. मीठ नाही, चीज नाही, वड्या नाहीत. इस्पितळाचं एकही ताट मी आता वॉर्डात येऊ देणार नाही.

"स्वयंपाक करते," न्या सिन्फो म्हणाली. "त्यासाठी माफी मागायची गरज नव्हती. आणि मागितलीत म्हणून मी ती दिली असं समजू नका."

दुसऱ्या सकाळी आंब्याखाली कोळशाची शेगडी पेटली. आधी ती फक्त फुल्हेन्सियोसाठी शिजवणार होती. पण आमच्यातल्या काहींचे नातेवाईक नदीच्या वरच्या अंगाला, बोटीशिवाय पोचता येत नाही अशा ठिकाणी राहायचे. ज्यांना डबा आणणारं कुणी नाही त्यांना उपाशी ठेवणार का? मग पातेलं मोठं झालं. भोपळा, मांदिओका, कोंबडीचा एखादा तुकडा, वर लिंबू आणि कोथिंबीर. मी पहिला घास घेतला. ओलं फडकं चावल्यासारखं लागलं. आयुष्यात त्याहून बेचव काही मी खाल्लेलं नाही. मी तसं बोललो, तर न्या सिन्फो खिडकीतून म्हणाली, "कराई एलादियो, मी तुमच्या जिभेला विचारून शिजवत नाही. तुमच्या पायांना विचारते. ते काय म्हणतात?"

पाय बोलायला लागले होते. काटा उतरला. मग आणखी उतरला. सुनिल्दाच्या हातातल्या बाटल्या पुन्हा भरायला लागल्या, तेही औषध निम्म्यावर आणलं तेव्हा. माझे घोटे वर आले, पायावरचं कातडं सैल पडलं, सुरकुतलं, आणि मला त्या सुरकुत्यांचं इतकं बरं वाटलं की मी हात फिरवत बसायचो. फुल्हेन्सियो एका सकाळी उशीशिवाय सरळ झोपलेला दिसला. मी घाबरलो. तो नुसता घोरत होता.

सगळे एकच गोष्ट विचारत होते, पण मोठ्याने नाही. हे आठवडाभर आधी झालं असतं तर पडद्यापलीकडची खाट रिकामी झाली असती का.

मग नोटीस लागली. बाहेरचं अन्न वॉर्डात आणण्यास मनाई, स्वच्छतेच्या कारणास्तव. राजधानीहून मंत्रालयातले एक साहेब पाहणीला येणार होते. शेगडी उचलली गेली, आंब्याच्या बुंध्याला चुना फासला, आमच्या खाटांवर कोऱ्या चादरी आल्या, त्यांना अजून दुकानाचा वास होता. न्या सिन्फोला फाटकाबाहेर काढलं.

साहेब आले तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ मुद्दाम साधली होती. उंच, घामेजलेला माणूस, बरोबर फोटोवाला. विल्फ्रिदो पांढरी टोपी घालून मागे उभा. डॉक्टर नीदियाने हिरव्या चिठ्ठीचं एक ताट उचललं आणि सरळ साहेबांच्या हातात दिलं. हे आमच्या हृदयाच्या रुग्णांचं बिनमिठाचं जेवण आहे, चाखून बघा, ती म्हणाली. तिला वाटलं होतं एक चमचा पुरेल. मलाही तसंच वाटलं. वॉर्डात सगळे श्वास रोखून होते, म्हणजे ज्यांना रोखता येत होता ते.

साहेबांनी एक चमचा खाल्ला. दुसरा खाल्ला. मग सुनिल्दाच्या स्टुलावर बसले आणि सगळा वाडगा संपवला, शेवटी पावाच्या तुकड्याने आतून पुसून घेतला. "हे बिनमिठाचं?" ते म्हणाले. "माझ्या बायकोला इकडे पाठवतो शिकायला."

सगळे हसले. रेकाल्द्यांनी टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनी.

डॉक्टर नीदियाचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. ती म्हणाली की हे बिनमिठाचं नाही, तुमच्या जिभेलाही ते कळतंय, आणि हे खाऊन याच वॉर्डात एक बाई गेली. साहेबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त डोळे तिथून निघून गेले. रेकाल्दे मध्ये पडले आणि म्हणाले, डॉक्टर फार थकल्या आहेत, रात्रंदिवस काम करतात. साहेबांनी सहानुभूतीने मान हलवली. मग फोटो हवा होता. रुग्णाला जेवण भरवतानाचा.

विल्फ्रिदोने नवा वाडगा घेतला आणि फुल्हेन्सियोच्या खाटेवर जाऊन बसला, कारण त्याचा चेहरा फोटोला चांगला होता, नावाड्याचा, रापलेला. चमचा तोंडाशी नेला. फुल्हेन्सियोने तोंड उघडलं. मला धक्का बसला. त्याने घास तोंडात घेतला, जिभेवर फिरवला आणि विल्फ्रिदोच्या डोळ्यांत बघत सगळा त्याच्या पांढऱ्या एप्रनवर थुंकला. पिवळा ओघळ खाली टोकदार बुटापर्यंत गेला.

"खारट," तो म्हणाला. त्या वॉर्डात मी ऐकलेला त्याचा सगळ्यात मोठा आवाज.

फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, पुढचा वॉर्ड दाखवा. आणि गेले. त्यांच्या मिशीला वोरी-वोरीचा कण लागलेला होता, ते कुणीच त्यांना सांगितलं नाही.

यातून मोठं काही झालं असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. डॉक्टर नीदियाने राजधानीला तक्रार पाठवली, तिचं उत्तर आलं नाही. पण ओब्दुलिया बाई कशा गेल्या हे गावात पसरलं, आणि बाईंनी निम्म्या गावाला शिकवलं होतं. पाहणीच्या दुसऱ्या सकाळी न्या सिन्फो शेगडी घेऊन फाटकावर आली तेव्हा तिच्याबरोबर बाईंची बहीण होती आणि मागे पातेली घेतलेल्या बायका. त्यांतल्या काहींना मी ओळखत होतो, माझ्याच वर्गात होत्या. पहारेकरी पण बाईंचाच विद्यार्थी. त्याने नोटिशीकडे पाठ केली आणि फाटक उघडलं. रेकाल्दे वरच्या खिडकीत येऊन उभे राहिले, थोडा वेळ बघितलं आणि आत गेले. त्यांनी अडवलं नाही, कारण त्यांचं काम झालं होतं. विल्फ्रिदोला वरच्या दोन गावांतल्या इस्पितळांचे ठेके मिळाले होते.

डॉक्टर नीदिया रोज दुपारी आंब्याखाली येऊन प्रत्येक पातेल्यातला एक चमचा चाखायची. बायका तिला बसायला खुर्ची द्यायच्या. न्या सिन्फोने स्वतःची कधी दिली नाही.

मी माझ्या पायांवर चालत घरी आलो. फुल्हेन्सियो पण घरी गेला. पुढचा सगळा पाऊसकाळ तो दारात नदीकडे तोंड करून बसायचा, हिवाळ्यात तसाच बसल्या बसल्या गेला, न्या सिन्फो घरातच होती. घरी मी अजून बिनमिठाचंच खातो. अजून आवडत नाही. रोज शिव्या देत खातो आणि मुलगी म्हणते, बाबा बरे आहेत.

हिवाळा सरता सरता विल्फ्रिदो माझ्या दुकानात आला. त्याने मला ओळखलं नाही. वॉर्डात तो आमच्या चेहऱ्यांकडे बघायचाच नाही, ताटांकडे बघायचा. खुर्चीत ऐसपैस बसला, दाढी करा म्हणाला, जरा छान करा, पंचक्रोशीतल्या लोकांसमोर जायचंय. मी फडकं गुंडाळलं, फेस केला, ब्रश गालावरून फिरवायला लागलो. गाल मऊ होता, तुकतुकीत, आत भरपूर चरबी. तो बोलत होता. वरच्या इस्पितळांत माणसं कशी खूश आहेत, ताटं कशी साफ परत येतात. माणसाच्या पोटात शिरलं की माणूस आपला, तो म्हणाला.

एका गालाला फेस लागला होता. दुसऱ्या गालाकडे ब्रश नेताना माझा हात थांबला. भीती नव्हती, रागही नव्हता. नुसती किळस. त्या कातड्याला मला बोट लावायचं नव्हतं. मी फडकं सोडलं.

"उठा," मी म्हणालो.

"का? झालं काय?"

"तुमची दाढी मी करणार नाही."

त्याने आरशात माझ्याकडे बघितलं, मग वळून बघितलं. ओळख पटली की नाही, मला माहीत नाही. त्याने कारण विचारलं, जरा आवाज चढवला, बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांकडे साक्षीसाठी बघितलं. ते वर्तमानपत्रात डोकं घालून बसले. मी वस्तरा मिटला आणि दार उघडून धरलं. तो अर्ध्या गालाला फेस तसाच घेऊन चौकातून चालत गेला, हाताने पुसत, आणि पुसताना तो आणखी पसरत होता.

मी ब्रश नळाखाली धरला आणि पाणी स्वच्छ होईपर्यंत धुतला. मग दोन्ही हात साबणाने, कोपरापर्यंत.

बाकावरचा पुढचा माणूस येऊन खुर्चीत बसला.